शिबिराची शेकोटी आणि घरची जाळवडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर जिल्हा अकोला आहे. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे आपण शाळा सोडली अकोला जिल्ह्यात आणि आज भेटतो आहोत वाशिम जिल्ह्यात, शाळा मात्र कारंज्यात जिथल्या तिथे आहे. बाकांची उंची तेवढी कमी झालेली दिसते.

संयोजकांनी मला कॉम्प्युटरमधल्या नोकऱ्यांबद्दल बोलायला सांगितलं होतं. ते मी दुपारी नववी-दहावीच्या मुलांशी बोलणारच आहे. या भाषणाचा विषय मात्र मी मागून बदलून घेतला. त्याला कारण झाली ती आपल्या ग्रुपवर आलेली एक यादी.

येत्या जानेवारीत माजी विद्यार्थ्यांतर्फे आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी एका रात्रीचं शिबिर घ्यायचं ठरलं आहे. जागा ठरली आहे आपल्याच एका मित्राच्या वावरात, सोहोळच्या बाजूला. जेवणाला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, सकाळी हुरडा. सामानाच्या यादीत सतरंज्या आहेत, पाण्याचे कॅन आहेत, गोवऱ्या दोन पोती, लाकूड एक ट्रॉली. आणि अकराव्या क्रमांकावर आहे, 'डिझेल, ५ लिटर, शेकोटीसाठी'.

ज्याने हे लिहिलं त्याला मी बोल लावत नाही. आजकाल कुठल्याही शेकोटीला असंच करतात. लाकडं रचायची, वरून कॅन ओतायचा, लांबून पेटता बोळा फेकायचा, आणि मोठा भपका झाला की टाळ्या वाजवायच्या. मुलांना तेच दिसतं, म्हणून तीच पद्धत वाटते. त्या अकराव्या ओळीच्या जागी काय लिहिता येईल, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी जाळ धरतो कसा ते पाहू. विज्ञानाच्या बाई समोरच बसल्या आहेत, चुकलं तर थांबवतील. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि ज्योत लागते ती त्या वायूंना. म्हणजे आधी लाकूड तापायला हवं. ओलं असेल तर आधी पाणी उडून जायला हवं, मग ते तापणार. आगकाडी जळते जेमतेम दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात मनगटाएवढं बाभळीचं लाकूड तापत नाही, तुराटीची काडी तापते. बारीक वस्तूला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती लवकर तापते आणि तिला हवाही चहूबाजूंनी मिळते. म्हणून काडीने तुराटी, तुराटीने पऱ्हाटी, पऱ्हाटीने बाभूळ अशी चढण असते. मधली पायरी गाळली की जाळ धरत नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शकुंतला पाहिली आहे. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणाऱ्या त्या छोट्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. इंजिनातला दगडी कोळसाही थेट काडीने पेटत नाही. वाफेचं इंजिन पेटवताना आधी लाकडाचे तुकडे आणि तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवतात, त्यावर कोळसा धरतो, आणि पुरेशी वाफ तयार व्हायला काही तास जातात. एवढ्या मोठ्या यंत्राची सुरुवातही तेलकट कापसाने होते.

आता घरातली चूल आठवा. कुटार, गोवरीचा कोरडा चुरा, तुराट्या, पऱ्हाट्या, मग जाड लाकूड. पावसाळ्याआधी कोरडं सरपण माळ्यावर जायचं. रात्री निखारा राखेत झाकून ठेवायचा आणि सकाळी राख बाजूला केली की तो लाल निघायचा. विझलाच तर शेजारून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणायचा. आगपेटीच्या आधीच्या काळात गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी झेलायला कापूस अशी चकमक असायची. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात गारगोटीला तोटा नाही, धुऱ्यावर पायाखाली येते.

माझी माय चुलीपाशी घाई करणाऱ्याला एकच सांगायची, "जाळाले घाई चालत नाई, त्याले हवा लागते." मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, त्यात ज्वलनाचा धडा होता. त्या धड्याचा निम्मा अर्थ या वाक्यात होता. पण हे ज्ञान आहे असं तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. बाईला चूल पेटवता येते यात काय विशेष, असंच सगळ्यांचं होतं.

चुलीचं मी कौतुक करते आहे, पण तिच्या धुराचं करत नाही. आपल्या आयांच्या डोळ्यांचं आणि छातीचं त्या धुराने काय केलं ते आपण घरोघरी पाहिलं आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, खेड्यात गॅस गेला, ते चांगलंच झालं. मला काळजी आहे ती एवढीच, की जाळ कसा धरतो हे ठाऊक नसलेल्या हातात आता डिझेलचा कॅन आला आहे.

इथे एक गोष्ट सांगते. जिच्या घरची आहे ती मैत्रीण आज सभागृहात आहे आणि तिला विचारूनच सांगते आहे. आपण आठवीत होतो. श्रावणातली झड लागली होती, सरपण भिजलेलं होतं. तिच्या आईने रेशनच्या रॉकेलचं थोडं चुलीत टाकलं, जाळ लागला आणि पुन्हा विझला. विझला असं वाटलं. आत निखारे होते. काकूंनी बाटलीतून दुसऱ्यांदा ओतलं. रॉकेल निखाऱ्यावर पडलं, त्याची पांढरी वाफ झाली, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग सगळी वाफ एकदम पेटली. हात कोपरापर्यंत भाजला. मैत्रीण दीड महिना शाळेत आली नाही, कारण घरात स्वयंपाक तिच्यावर आला होता. त्या सहामाहीत ती गणितात मागे पडली हे सरांना आठवत असेल. का पडली, ते वर्गात कोणी विचारलं नाही.

काकू बऱ्या झाल्या, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत.

त्या दिवशी काय झालं ते समजून घ्या, कारण डिझेलच्या कॅननेही तेच होतं. द्रव पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही तयार होते, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने तयारच असते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढचं तापमान लागतं. आपला मे महिना आठवा, म्हणजे ते किती जवळ आहे ते कळेल. डिझेलला आणखी थोडं जास्त. थंडीत डिझेल लगेच पेट घेत नाही, म्हणून माणूस अजून ओततो. तोवर खाली कुठेतरी एखादी काडी धुमसत असते. वाफ भरते, भडका उडतो, आणि ओतणाऱ्याच्या हातातल्या धारेवरून वर चढतो. सॅनिटायझरचं तर आणखी वाईट, त्याची ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. शेकोटीभोवती साठ मुलं उभी असणार आहेत. कोणी नायलॉनचं जॅकेट घातलेलं असेल.

आता जाळवडी. हा आमच्या पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये पडलेला शब्द आहे. बाजारात याचे तयार ठोकळे मिळतात, पण घरी करायला अर्धा तास लागतो. साहित्य तीनच गोष्टींचं. अंड्यांचा कागदी लगद्याचा ट्रे, तीस खणांचा. प्लास्टिकचा अजिबात नको. सुताराकडचा लाकडाचा भुसा, साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो आणि त्याचा धूर घशाला लागतो. आणि दिवाळीनंतर प्रत्येक घरात उरतात ते मेणबत्त्यांचे तुकडे, अंदाजे अर्धा किलो.

प्रत्येक खण पाऊण भुशाने भरायचा, दाबायचा नाही. मेण वितळवायचं ते पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून. थेट गॅसवर मेणाचं भांडं कधीच ठेवायचं नाही. मेण वितळतं ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान. पाण्याचं तापमान शंभराच्या वर जात नाही, म्हणून पाण्यात ठेवलेलं मेण धोक्याच्या तापमानापर्यंत पोचत नाही. थेट गॅसवर ते तापत तापत दोनशेच्या पुढे गेलं की त्याची वाफ पेट घेते. मी तर पाणी उकळलं की गॅस बंद करते आणि मग डबा आत ठेवते. पाणी निवलं तर डबा बाहेर काढून पाणी पुन्हा तापवते. समजा कधी मेण पेटलंच, तर त्यावर पाणी टाकायचं नाही. झाकण ठेवायचं, गॅस बंद करायचा, आणि भांडं हलवायचं नाही.

वितळलेलं मेण चमच्याने भुशावर हळूहळू सोडायचं, भुसा ओला दिसेपर्यंत. तासाभराने घट्ट झालं की कात्रीने किंवा सुरीने खण वेगळे करायचे. झाल्या तीस वड्या. कोरड्या डब्यात ठेवल्या तर पुढच्या वर्षीही चालतात. वेगळी वात लागत नाही, खणाचा कागदी कोपरा थोडा फाडून ठेवला की तीच वात.

सवयीप्रमाणे मी घड्याळ लावून बारा वड्या जाळून पाहिल्या. सर्वात कमी टिकली ती साडेआठ मिनिटं, सर्वात जास्त तेरा. दोन वड्या दहा मिनिटं पाण्यात बुडवून, पुसून पेटवल्या. एक पहिल्या काडीत पेटली, दुसरीला दुसरी काडी लागली. आगकाडीचे पंधरा सेकंद आणि वडीची दहा मिनिटं, एवढाच फरक आहे. पण त्या दहा मिनिटांत ओलसर पऱ्हाटीसुद्धा सुकते, तापते आणि धरते. जाळ मोठा करावा लागत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो.

दुसरा प्रकार आणखी सोपा. कापसाच्या लिंबाएवढ्या बोळ्याला अर्धा चमचा व्हॅसलीन चोळायचं, आतला थोडा कापूस कोरडा ठेवायचा. पेटवताना बोळा विस्कटायचा, म्हणजे कोरडे तंतू काडी धरतात. हा चार-पाच मिनिटं जळतो. कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ, आपल्याला कापूस विकत आणायची गरज नाही. आणि यात नवं काय आहे? तुपात बुडवलेली फुलवात आपण देवापुढे लावतोच. कापूस तूप वर ओढतो, तूप तापून वाफ होते, ती जळते, म्हणून कापूस लवकर जळून जात नाही. आपल्या आज्या फावल्या वेळात वाती वळत बसायच्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर याच तर तयार होत होत्या.

कापराचं काय, असं कोणीतरी विचारणारच. कापूर पटकन पेटतो, पण पटकन संपतोही, आणि डब्यात ठेवला तर हळूहळू उडून जातो. अडीअडचणीला ठीक. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी हे मात्र नको. पावसात ट्यूबचा तुकडा जळतो हे खरं आहे, पण त्याचा काळा धूर विषारी असतो, आणि ज्या आरावर रोडगे भाजायचे त्यात तो मिसळायचा नाही. डिझेलचंही तेच. वास रोडग्याला लागला की वरणात कितीही तूप ओता, जात नाही.

आता रचना. जमीन साफ करायची, भोवती दोन-तीन हात गवत-काडी ठेवायची नाही. दोन जाड लाकडं समांतर ठेवायची, मध्ये वीतभर जागा. त्या जागेत वडी. वर तुराट्या आडव्या, मग उलट दिशेने पऱ्हाट्या, बोट जाईल एवढ्या फटी ठेवून. वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, काडी लावायची आणि हात मागे घ्यायचा. पाच मिनिटं काहीही करायचं नाही. फुंकायचं नाही, ढोसायचं नाही, वरून लाकूड टाकायचं नाही. हा सगळ्यात अवघड भाग आहे, विशेषतः पुरुष मंडळींसाठी. शेकोटी मोठी असेल तर चार बाजूंनी चार वड्या ठेवा.

आपल्यात स्काऊट-गाईडची मंडळी आहेत. बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये 'स्काऊटिंग फॉर बॉईज' काढलं, त्यात एक परीक्षा होती, की दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता लाकडाची आग पेटवायची. शिबिरात हीच स्पर्धा ठेवू. पाच-पाचचे गट, प्रत्येकाला दोन काड्या आणि एक वडी, आणि वर टांगलेलं पाण्याचं भांडं आधी कोण उकळतं ते बघायचं. भपक्यापेक्षा मुलांना यात जास्त मजा येईल, हे मी लिहून देते.

विझवण्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. आपली जागा कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याजवळ आहे. ते गवताळ रान आहे. जानेवारीत ते गवत वाळलेलं असतं आणि वाऱ्यावर ठिणगी किती लांब जाते ते पिकाचं कुटार पेटलेलं पाहिलेल्याला सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे. राखीव जंगलासाठी १९२७ च्या वन कायद्यात कलम २६ आहे. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो, पण गवत तारीख पाहून पेटत नाही. म्हणून आपली शेकोटी अभयारण्यात नाही, हद्दीला लागूनही नाही, तर वावरात, विहिरीजवळ, नांगरलेल्या तुकड्यात. आणि वारा सुटला तर शेकोटी रद्द, गाणी टॉर्चच्या उजेडात.

विझवताना माती लोटून निघून यायचं नाही. आपल्या घरी निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहायचा, मग मातीखाली का नाही राहणार? पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं. मग हाताची उलटी बाजू राखेजवळ न्यायची. गरम लागलं तर पुन्हा पाणी. राख हाताला थंड लागली की मगच झोपायला जायचं.

समितीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, अकराव्या ओळीतलं डिझेल काढून तिथे 'जाळवड्या, ३० नग' असं लिहावं. त्या मुलांनी आणि मुलींनी मिळून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, शिबिराच्या आधीच्या शनिवारी शाळेतच कराव्यात. मेणाचे तुकडे प्रत्येकाने घरून आणावेत. चूल हे मुलींचं आणि शेकोटी हे मुलांचं अशी वाटणी नको. पोरांनी रोडग्याचा आर धरावा, पोरींनी शेकोटी पेटवावी.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची वाटते. शिबिरात तंबू लावायला शिकवणारे आपण बाहेरून बोलावतो, त्यांना मानधन देतो, शाल-श्रीफळ देतो. जाळ शिकवायला आपल्याच गावातल्या दोन-तीन जाणत्या बायांना बोलवावं. ज्यांनी पन्नास पावसाळे ओल्या सरपणावर स्वयंपाक केला, त्यांना खुर्चीवर बसवावं, प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव फलकावर लिहावं आणि तेवढंच मानधन द्यावं. मघाशी ज्यांची गोष्ट सांगितली त्या काकूंना मी काल भेटले. येणार का विचारलं. त्या म्हणाल्या, "म्या काय शिकवू? पण ये म्हणशीन तं येतो. लेकराइले बाटली हातात घेऊ देऊ नोका, एवढं सांगतो."

तेवढंच सांगितलं तरी पुरे आहे.

जाळवड्यांचा एक ट्रे मी करून आणला आहे, बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक घेऊन जा, घरी अंगणात लावून पाहा, मुलांनाही बरोबर घ्या. बाईंनी मला मध्येच थांबवलं नाही, म्हणजे विज्ञान बरोबर होतं असं समजते.